फॅनन शेवटून वाचावा

अल्जीरियातलं ब्लिदा हे गाव, तिथलं मोठं मनोरुग्णालय. बाहेर फ्रान्सविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं. डॉक्टरांचं घर इस्पितळाच्या आवारातच होतं आणि 28 वर्षांचा एक फ्रेंच पोलीस त्यांच्याकडे घरीच उपचाराला यायचा, कारण भरती व्हायला तो तयार नव्हता. त्याची तक्रार अशी की रात्री किंकाळ्या ऐकू येतात. खिडक्या घट्ट लावल्या, कानांत कापसाचे बोळे घातले, रेडिओ लावून ठेवला, तरी त्या थांबेनात. नोकरीवर असताना तो ज्यांचा छळ करायचा, त्यांच्याच त्या किंकाळ्या.

एक दिवस तो यायच्या वेळेलाच डॉक्टरांना वॉर्डातून तातडीचं बोलावणं आलं. डॉक्टरांच्या पत्नीने पोलिसाला बसायला सांगितलं, पण मी जरा आवारात फिरतो, वाटेत भेटतीलच, असं म्हणून तो बाहेर पडला. डॉक्टर परत येताना बघतात तर हा एका झाडाला टेकून उभा, घामाने निथळतोय, पार घाबराघुबरा झालाय. गाडीत घालून त्याला घरी आणलं. कोचावर पडल्या पडल्या त्याने सांगितलं की आवारात एक रुग्ण समोर आला. ज्यांचा छळ करण्यात याचा हात होता, त्यांच्यातलाच तो एक.

डॉक्टरांनी त्याला शांत होण्याचं औषध दिलं आणि वॉर्ड गाठला. तो अल्जीरियन रुग्ण जागेवर नव्हता. शोधाशोध केल्यावर संडासात सापडला, आत्महत्येच्या प्रयत्नात. त्यानेही पोलिसाला ओळखलं होतं. हा आपल्याला परत न्यायला आलाय, अशी त्याची खात्रीच झाली होती. पुढे बराच काळ इस्पितळातले लोक त्याची समजूत घालत राहिले: इथे पोलीस येऊच शकत नाहीत, तू थकलायस, तुला भास झाला.

भास झालेला नव्हता. त्याने पाहिलं ते शंभर टक्के खरं होतं. पण त्याला जगवायचं तर त्याच्या डोळ्यांना खोटं पाडण्यावाचून इलाज नव्हता.

ते डॉक्टर म्हणजे फ्रान्झ फॅनन. जगभर त्यांची ओळख आहे ती हिंसेचं समर्थन करणारा क्रांतिकारक विचारवंत अशी. ती ओळख 1961 साली आलेल्या त्यांच्या शेवटच्या पुस्तकावरून पडली. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'पृथ्वीवरचे शापित'. पहिलंच प्रकरण हिंसेवर, त्याच्याही आधी फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रची जळजळीत प्रस्तावना. बहुतेक वाचक तिथेच थांबतात. वर सांगितलेली हकीकत त्याच पुस्तकातली आहे, पण अगदी शेवटच्या प्रकरणातली, जिथे डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी दिल्या आहेत. फॅनन पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला मी नेहमी सांगते की आधी ते प्रकरण वाच आणि मग पहिल्या पानाकडे ये. हा माणूस आधी डॉक्टर होता. रुग्णाला बरं करून पाठवायचं कुठे, या एका प्रश्नाने त्याला राजकारणात ओढलं.

फॅननचा जन्म 20 जुलै 1925 चा, कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावरचा. बेट फ्रान्सच्या ताब्यात. वडील कस्टम खात्यात, आईचं दुकान, घर खाऊनपिऊन सुखी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची नातवंडं-पतवंडं शाळेत 'आमचे पूर्वज गॉल' असा फ्रेंचांचा इतिहास घोकत. सुखवस्तू घरांत मुलांनी क्रिओल, म्हणजे बेटावरची बोली, बोलणं हलकेपणाचं मानलं जाई. दुसऱ्या महायुद्धात फॅनन पोरवयातच घर सोडून, हिटलरविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच सेनानी द गॉलच्या सैन्यात भरती व्हायला निघाला. फ्रान्स म्हणजे आपलाच देश, हिटलरपासून तो सोडवायचा, एवढं साधं गणित होतं. सैन्यात गेल्यावर कळलं की तिथेही उतरंड आहे: गोरे वर, मार्टिनिकचे मधे, आफ्रिकन तळाला. तो जखमी झाला, शौर्यपदक मिळालं. त्या सन्मानावर सही करणारा राऊल सालाँ हा अधिकारी पुढे अल्जीरियात फ्रेंच फौजांचा सरसेनापती झाला, आणि तोवर फॅनन दुसऱ्या बाजूला गेलेला होता.

युद्धानंतर तो वैद्यकी शिकायला फ्रान्समधल्या लिऑं शहरात गेला. तिथे असताना लिहिलेलं 'काळी त्वचा, गोरे मुखवटे' हे पुस्तक 1952 साली आलं, तेव्हा तो 26-27 वर्षांचा होता. आधी हाच मजकूर त्याने पदवीचा प्रबंध म्हणून पुढे केला होता. तो नाकारला गेला, तेव्हा एका मज्जाविकारावर रीतसर प्रबंध लिहून त्याने डॉक्टरकी पदरात पाडून घेतली.

त्या पुस्तकातला एक प्रसंग सगळीकडे सांगितला जातो. थंडीचे दिवस, एक गोरं पोर आईला बिलगून म्हणतं, आई, तो बघ काळा माणूस, मला भीती वाटते. बस, एवढंच. पण त्या क्षणापासून फॅननला स्वतःचं शरीर बाहेरून दिसायला लागतं. आतापर्यंत तो हात पुढे करून टेबलावरची सिगारेट सहज उचलणारा माणूस होता; आता तो दुसऱ्याच्या नजरेतला एक काळा आकार झाला. त्या आकाराला गुलामीचा, नरभक्षकांच्या गोष्टींचा, भुताखेतांचा सगळा इतिहास चिकटलेला. तो थंडीने कुडकुडतो तर पोराला वाटतं, हा रागाने थरथरतोय.

इथून त्याचा पहिला मोठा मुद्दा निघतो. काळ्या माणसाला वाटणारा कमीपणा जन्मजात नसतो. आधी मळे, जमिनी, नोकऱ्या, पैसा गोऱ्यांच्या हाती जातो. मग पिढ्यान्‌पिढ्या तेच बघून, तेच ऐकून तो कमीपणा, लोणच्यात मीठ मुरावं तसा, कातडीत मुरतो. नुसतं मनाचं निदान करून भागत नाही आणि नुसता पैशाचा हिशेब मांडूनही नाही. दोन्ही एकदम बघावं लागतं. मुखवटा म्हणजे काय, हे तो भाषेच्या उदाहरणाने सांगतो. मार्टिनिकचे लोक 'र' खातात, अशी फ्रान्समध्ये चेष्टा असायची. म्हणून नुकताच फ्रान्सला आलेला मार्टिनिकचा माणूस खोलीचं दार लावून 'र' घोटत बसतो. मग ऐटीत हॉटेलात जाऊन वेटरला हाक मारतो, त्यात भरपूर 'र' घालतो, आणि पुढच्याच शब्दांत सगळे 'र' गळून पडतात. फॅनन त्याला हसत नाही. ज्या भाषेने आपल्याला अडाणी ठरवलं तीच परिपूर्ण बोलून दाखवल्याशिवाय आपण माणूस ठरणार नाही, ही सक्ती त्याला त्यात दिसते.

या पुस्तकातलं सगळंच मला पटतं असं नाही. मायोत कापेसिया या मार्टिनिकच्या लेखिकेवर तो तुटून पडतो, गोऱ्या पुरुषाची ओढ म्हणून. काळ्या पुरुषाच्या त्याच ओढीबद्दल लिहिताना मात्र त्याचा सूर समजुतीचा होतो. हा अन्याय आहे, आणि स्त्रीवादी अभ्यासकांनी तो पुढे नीट दाखवून दिला आहे.

लिऑंच्या दवाखान्यांत उत्तर आफ्रिकेतून आलेले मजूर यायचे. कुठे दुखतंय? सगळीकडे, डॉक्टरसाहेब. तपासण्यांत काही निघायचं नाही. डॉक्टर आपसांत म्हणायचे, हे लोक सोंग करतात, आळशी आहेत. फॅननने 1952 मध्येच यावर लेख लिहिला. घर नाही, बायको-मुलं समुद्रापलीकडे, रस्त्यावर रोज संशयाच्या नजरा, आणि दवाखान्यात पाऊल टाकायच्या आधीच सोंगाड्या म्हणून शिक्का बसलेला. अशा माणसाचं सगळंच दुखत असेल, तर तो खोटं काय बोलतोय?

त्याला खरा गुरू भेटला तो दक्षिण फ्रान्समधल्या सेंत-आल्बां इथल्या मनोरुग्णालयात. फ्रांसुआ तोस्केयेस हे हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमधून पळून आलेले कॅटलान डॉक्टर. नाझी अंमलाच्या वर्षांत फ्रान्सच्या मनोरुग्णालयांत हजारोंनी रुग्ण उपासमारीने मेले. सेंत-आल्बांत रुग्ण, नर्स आणि गावकरी यांनी मिळून धान्य-भाजीपाला मिळवला आणि माणसं वाचवली. तोस्केयेस यांचं म्हणणं होतं की आधी इस्पितळावर उपचार करा, मग रुग्णावर. कुलूपबंद वॉर्ड, हुकूम सोडणारे कर्मचारी आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसलेली माणसं असतील, तर त्या जागेतच आजार तयार होतो. म्हणून रुग्णांच्या सभा, त्यांनीच काढलेलं वर्तमानपत्र, कामं, सण-समारंभ. इस्पितळाचं एक छोटं गाव करायचं, ज्यात रुग्णाला काही करायला असेल आणि कुणाशी तरी देणंघेणं असेल.

हे शिकून फॅनन 1953 च्या अखेरीस ब्लिदाला प्रमुख डॉक्टर म्हणून आला. त्याच्याकडे 165 युरोपीय बायका आणि 220 मुसलमान पुरुष होते. फ्रान्सने 1830 पासून बळकावलेला हा देश; इस्पितळातसुद्धा वॉर्ड वेगळे. शिवाय इथल्या मानसशास्त्रावर आंत्वान पोरो यांच्या अल्जीयर्स पंथाची छाप होती. त्या पंथाच्या लेखी स्थानिक माणूस जन्मतःच आदिम, हिंसक आणि खोटारडा असे, आणि त्याच्या मेंदूची ठेवणच कमी प्रतीची असे. हे गावगप्पांमधलं मत नव्हतं. हे विद्यापीठात शिकवलं जाई.

फॅननने सेंत-आल्बांचा कित्ता गिरवला. बायकांच्या वॉर्डात महिन्याभरात फरक दिसला: सिनेमा, ग्रामोफोन, नाताळ, स्वतःचं वर्तमानपत्र. पुरुषांच्या वॉर्डात मात्र सगळं फसलं. सभेला बसवावं तर लोक गप्प. टोपल्या विणायला दिल्या तर कुणी हात लावीना. गाण्याचा गट काढला तर कुणी येईना. पोरोंच्या शिष्यांकडे याचं उत्तर तयारच होतं: या लोकांची कुवतच नाही.

फॅनन आणि त्याचा सहकारी जाक अझुले यांनी उलटी वाट धरली. आपलंच काय चुकलं, ते शोधत बसले आणि 1954 मध्ये तो सगळा फसलेला प्रयोग जसाच्या तसा छापून टाकला. विणकाम म्हणजे इथे बायकांचं काम. शेतकरी गड्याच्या हातात ते देणं म्हणजे त्याचा अपमान. गाणारे-नाचणारे इथे फिरस्ते, पोटासाठी गाणारे. चारचौघांत घरच्या माणसाने गाणं शोभत नाही. नाताळ त्यांचा नव्हताच. आणि डॉक्टरला अरबीही येत नव्हती, तिथली दुसरी भाषा कबाइलीही नाही. मधे दुभाषा. दुभाषा म्हटला की त्या माणसांना आठवायचं कोर्ट, नाहीतर पोलीस चौकी. तिथे कोण मन मोकळं करणार?

मग वॉर्डात चहा-कॉफीचं अरबी धाटणीचं ठिकाण उघडलं, नमाजाची सोय केली, ईद साजरी झाली, गावोगाव हिंडणारा कथेकरी बोलावला, जमीन आणि कुदळी दिल्या. माणसं हलायला लागली, बोलायला लागली. मला फॅननचं मोठेपण सगळ्यात जास्त इथे वाटतं. स्वतः वंशवादाचे चटके सोसलेल्या, वसाहतवादावर पुस्तक लिहून बसलेल्या या माणसाने अल्जीरियन शेतकऱ्यावर फ्रेंच पद्धत लादली होती, आणि ते त्याने स्वतः पुढे येऊन कबूल केलं.

कबुलीवरून आठवलं. 1955 मध्ये त्याने एका विचित्र गोष्टीवर निबंध लिहिला. अल्जीरियन आरोपी पोलिसांपुढे गुन्हा कबूल करायचे आणि न्यायाधीशापुढे उभे राहिले की साफ नाकारायचे. अल्जीयर्स पंथ म्हणे, जातच खोटारडी. फॅननने विचारलं, कबुली म्हणजे नेमकं काय? मी चुकलो असं म्हणताना माणूस मनातून कायदा मानत असतो आणि समाजात परत यायची वाट मागत असतो. ज्याला त्या समाजात कधी घेतलंच नाही, तो कुणाच्या दारात कबुली देणार? त्याने मार खाऊन मान तुकवली; करारावर सही कधीच केली नव्हती. फॅननचं सगळं राजकारण मला या छोट्या निबंधात बीजरूपाने दिसतं.

1 नोव्हेंबर 1954 ला युद्ध सुरू झालं. वॉर्डात छळ झालेले येऊ लागले आणि छळ करणारेही. एक पोलीस निरीक्षक असा आला की जो घरी बायकामुलांनाही बडवू लागला होता. त्याचं मागणं साफ होतं: नोकरी सोडायची नाही, मन शांत ठेवून काम करता येईल असं काही तरी करा. फॅनन तोवर गुपचूप स्वातंत्र्यसैनिकांना मदत करत होता. 1956 च्या अखेरीस त्याने राजीनामा लिहिला. आशय असा: माणसाला त्याच्या भोवतालात परकं वाटू नये यासाठी मनोविकारशास्त्र असतं, इथे अरब माणूस आपल्याच देशात कायमचा परका आहे, मग मी इथे करतोय काय? उत्तर म्हणून त्याला देशाबाहेर काढलं गेलं.

तो ट्यूनिसला गेला आणि 'एल मुजाहिद' या चळवळीच्या पत्रात लिहू लागला, पण रुग्ण सोडले नाहीत. तिथल्या सरकारी इस्पितळात त्याने दिवसापुरतं भरती करणारा विभाग काढला: सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. कारण ज्या घरादारात माणूस आजारी पडला, त्यापासून तोडून तो बरा कसा होईल?

1959 च्या पुस्तकात त्याने रेडिओवर लिहिलंय, ते वाचावंच. अल्जीरियन घरांत आधी रेडिओ घेत नसत. त्यावर फ्रेंच लोक फ्रेंचांशीच बोलत, आणि थोरामोठ्यांसमोर ऐकवणार नाही असं काहीबाही लागे. 1956 च्या अखेरीस चळवळीचं स्वतःचं प्रसारण सुरू झालं, आणि फॅनन सांगतो, वीस दिवसांच्या आत दुकानांतले सगळे रेडिओ संपले. फ्रेंच लोक त्यात खरखर घालायचे. मग घरातला एक जण पेटीला कान लावून बसायचा, बाकीचे गोळा होऊन विचारायचे, काय म्हणतात? अमुक डोंगरातल्या लढाईचं काही सांगितलं का? खरखरीतून दोन शब्द कळायचे आणि उरलेली बातमी सगळे मिळून पुरी करायचे. कालपर्यंतचं सरकारी खोकं घरातलं माणूस झालं. गोष्टींचा अर्थ लढ्यात कसा पालटतो, हे इतकं जवळून दुसऱ्या कुणी दाखवलेलं मी वाचलेलं नाही.

1960 च्या अखेरीस त्याला रक्ताचा कर्करोग असल्याचं निघालं. शेवटचं पुस्तक त्याने 1961 मध्ये काही महिन्यांत, अक्षरशः मरणाशी शर्यत लावून पुरं केलं. छापील प्रत त्याने अमेरिकेतल्या इस्पितळात पाहिली आणि 6 डिसेंबर 1961 ला तो गेला, वय 36. सहकाऱ्यांनी पार्थिव ट्यूनिशियाची सीमा ओलांडून नेलं आणि अल्जीरियाच्या मातीत पुरलं. सात महिन्यांनी देश स्वतंत्र झाला. ब्लिदाच्या इस्पितळाला आज त्याचंच नाव आहे.

आता पहिल्या प्रकरणाकडे येऊ, कारण एव्हाना ते वेगळं वाचलं जाईल. वसाहतीचं शहर म्हणजे दोन गावं: एक दिव्यांनी लखलखणारं, डांबरी रस्त्यांचं, पोट भरलेलं, दुसरं एकावर एक चढलेल्या झोपड्यांचं, उपाशी. मधे पोलीस चौकी आणि बराकी. दोघांमध्ये बोलणं होत नाही. जे काय बोलतो तो दंडुका बोलतो. हा ताण स्थानिक माणसाच्या अंगात साठतो. रात्री तो स्वप्नात धावतो, उड्या मारतो, पोहतो. दिवसा शेजाऱ्यावर चाकू काढतो. फॅनन म्हणतो, ही आत वळलेली हिंसा मालकाकडे वळली की माणसाची भीती जाते, न्यूनगंड धुतला जातो. हे त्याने लिहिलंय, त्यात सारवासारव करायचं कारण नाही. मला ते मान्य नाही. पण राजकीय विचारवंत हाना आरेन्टसारख्या कडक टीकाकार बाईंनीही नोंदवून ठेवलंय की हिंसेबद्दल फॅननच्या मनात त्याच्या भक्तांपेक्षा कितीतरी जास्त शंका होत्या.

त्याच पुस्तकात स्वातंत्र्यानंतर काय होईल यावर एक प्रकरण आहे. गोरे गेले की देशी सुशिक्षित वर्ग त्यांच्या खुर्च्यांत बसेल. कारखाने काढायची त्याची ऐपत नसेल, तो परदेशी भांडवलाचा दलाल होईल. आज परक्यांना हाकला म्हणणारे उद्या शेजारच्या जमातीला हाकला म्हणतील. पुढारी लोकांना झोपवून ठेवील आणि अधूनमधून उठवील ते फक्त लढ्याच्या आठवणी काढायला. हे त्याने कधी लिहिलं? आफ्रिकेतले देश एकामागोमाग एक नुकते स्वतंत्र होत होते आणि सगळे जल्लोषात होते तेव्हा. त्याचा तोडगा एका पुलाच्या उदाहरणात आहे: पूल बांधताना त्यावर राबणाऱ्यांची समज वाढत नसेल तर तो बांधू नका, लोकांना पोहत नाहीतर नावेतून जाऊ द्या.

अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष काढणाऱ्या ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी हे पुस्तक झपाटून वाचलं होतं. त्या पक्षाच्या नावावरून 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपल्यापर्यंत फॅनन आला तो या वाटेने, आणि म्हणूनही त्याची ओळख लढाऊ घोषणांपुरती राहिली असावी.

म्हणून पुन्हा त्या शेवटच्या प्रकरणाकडे. तिथे 13 आणि 14 वर्षांची दोन अल्जीरियन पोरं आहेत. त्यांनी आपल्याच युरोपीय मित्राला मारलं. तो चांगला होता, आमच्याशी खेळायचा, असं ते सांगतात. मग त्यालाच का? मोठी माणसं आम्हाला मारता आली नसती, हा आमच्याबरोबर आला असता. थोरल्याच्या घरचे दोघे एका गावात झालेल्या कत्तलीत गेले होते. तो डॉक्टरला उलट विचारतो, अल्जीरियन माणसाला मारलं म्हणून कुणी युरोपीय कधी तुरुंगात गेलाय का? तसा कुणी पाहिलेला नाही, एवढंच डॉक्टर सांगू शकतो, आणि पोरं बरी झाली असंही तो लिहीत नाही.

त्याच प्रकरणात आणखी एका माणसाची हकीकत आहे, एका नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशातल्या कार्यकर्त्याची. दरवर्षी एका ठरावीक तारखेच्या आसपास त्याची झोप उडायची, जीव घाबरा व्हायचा, स्वतःला संपवावंसं वाटायचं. लढ्याच्या काळात त्या तारखेला त्याने संघटनेच्या हुकमावरून एक बॉम्ब ठेवला होता. दहा माणसं गेली. केलं त्याचा पश्चात्ताप त्याला नव्हता. स्वातंत्र्याची तेवढी किंमत मोजावी लागते हे त्याला मान्य होतं. पण देश स्वतंत्र झाल्यावर जुन्या राज्यकर्त्या देशाच्या काही लोकांशी त्याची ओळख झाली. ते त्याला आवडले. आणि तेव्हापासून त्याच्या मनात यायला लागलं, त्या दहा जणांत यांच्यासारखं कुणी होतं का?